खुनी कळेपर्यंत मामा मरेनात

आधीच सांगून ठेवते. अंगात येणं, करणी, भानामती, दृष्ट... यातलं मी काहीही मानत नाही. माझ्या लेकीच्या बारशाला कोणीतरी पाळण्याखाली लिंबू ठेवलं होतं, ते मी उचलून सरबतात पिळलं. पिंपरीच्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि साहेबलोकांची अर्धवट वाक्यं. "अहो, तो परवा फोन केलेला माणूस लावून द्या जरा." आणि मी लावून द्यायची! सगळे एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ, नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखायची. स्वतःची टिमकी वाजवायला हे सांगत नाहीये. पुढे जे घडलं त्यात माझ्या स्मरणशक्तीचाच प्रश्न आहे, म्हणून सांगितलं. नाहीतर इथे लगेच कोणीतरी लिहील, "ताई, तुम्ही विसरला असाल." विसरणारी बाई मी नव्हे.

गोष्ट माझ्या सासऱ्यांची. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा-आत्या मोशीला शेती बघायचे, आम्ही दोघं नोकरीपायी चिंचवडला, स्टेशनजवळ दोन खोल्यांत. आमचे हे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर. मामा उंच, किडकिडीत, आवाज असा की शिवारात या टोकाला बोलले तर त्या टोकाचा माणूस "ओ" द्यायचा. आत्या त्यांच्या खांद्याएवढ्या, आणि बोलायच्या त्यांच्या दशांशाने.

तर बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला मामा कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला गेले होते. गाडीत आत्या, आत्यांच्या मांडीवर माझी धाकटी नणंद. कांदा विकला गेला, मामा खुशीत होते, आणि बाजाराच्या कडेला तंबूचा सिनेमा लागला होता. हिंदी, काळा-पांढरा, खुनाचा. त्या काळी तो गाजलेला सिनेमा होता. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की कोणीतरी शहाणा खाली "खुनी अमका" म्हणून लिहिणार, आणि मला ते नकोय. का नकोय ते कळेलच.

सिनेमा असा की थंड हवेच्या ठिकाणी एक बंगला, बंगल्यात म्हातारा शेठ. शेठला कोणीतरी गोळी घालतं. मग घरातल्या प्रत्येकावर संशय... शेठची तरुण बायको, भाऊ, डॉक्टर, नर्स, सेक्रेटरी, माळी. शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, खुनी याच खोलीत आहे म्हणतो, आणि बोट वर करतो.

तंबूत मधोमध दोर बांधलेला असायचा. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मामा पडद्यासमोर मातीत मांडी घालून बसलेले. इन्स्पेक्टरने बोट वर केलं, आणि तेवढ्यात बाहेरून हाळी आली, "ओ मोशीकर! तुमचं बैल सुटलं!"

शेतकरी माणूस. मामा उठून धावले. सर्जा आणि पाखऱ्या, ही त्यांची जीव की प्राण जोडी, कोणाच्या तरी गाडीतला कडबा निवांत खात उभी होती. त्यांना धरून, गाडीवाल्याच्या शिव्या खाऊन मामा परत आले तर लोक धोतरं झटकत बाहेर पडत होते. सिनेमा संपलेला! दुसऱ्या दिवशी तंबू उठून दुसऱ्या गावाला गेला.

घरी जाताना मामांनी गाडीतच जाहीर केलं, "मला कुनी सांगायचं न्हाई. फुकटचं ऐकनार न्हाई मी. सोताच्या डोळ्यानं बघनार. खुनी कळल्याबिगर मी मरत न्हाई!"

ही गोष्ट मामा आल्यागेल्याला रंगवून सांगायचे, बैलांच्या हंबरण्यासकट. आणि शेवटी आत्यांकडे बोट करून म्हणायचे, "ही तर पयल्या रिळालाच झोपली हुती!" सगळे हसायचे. आत्या भाकरी थापत राहायच्या.

आता गंमत बघा. त्यानंतर मामा विहिरीवरचं इंजिन काढताना विहिरीत पडले. लोक दोर घेऊन पोचेपर्यंत हे पायऱ्यांवर बसून धोतर पिळत होते. बांधावरच्या कडुनिंबावर वीज पडली, झाड उभं चिरलं, आणि खाली बसलेल्या मामांची फक्त विडी विझली. नाशिक रस्त्यावर ट्रकने बैलगाडीला ठोकर दिली, गाडीचा भुगा झाला, मामा उडून कोथिंबिरीच्या वाफ्यात. दर वेळी उठून एकच वाक्य, "अजून खुनी कुठं कळलाय!"

मी म्हणायची, योगायोग. माणूस काटक आहे, दुसरं काय? पण आत्यांनी ते वाक्य मनात पक्कं धरलं होतं. त्यांच्या लेखी तो सिनेमा म्हणजे मामांचं कवच होतं.

आणि एकोणऐंशीच्या आसपास त्याच सिनेमाचा नवा अवतार आला. रंगीत! तीच गोष्ट, तोच बंगला, नवे नट, शिवाय दोन गाणी जास्त. चिंचवडच्या थिएटरवर हे भलंमोठं पोस्टर लागलं, त्यावर बोट वर केलेला इन्स्पेक्टर. मामा कोथिंबीर विकायला आले होते, त्यांनी एसटीतून ते पोस्टर पाहिलं आणि स्टॉप यायच्या आधीच दारात जाऊन उभे राहिले. आमच्या घरी आले ते धापा टाकतच.

"सूनबाई, सापडला! पोस्टरवर हाय त्यो!"

"कोण सापडला मामा?"

"खुनी गं! म्हंजी सापडंल आता. गुरुवारची तिकिटं काढा."

दोन दिवसांनी आत्या एकट्या आल्या. आत्या कधी एकट्या मोशीच्या बाहेर पडत नसत. आल्या, पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि माझा हात धरला.

"पोरी, त्येंना नेऊ नगंस."

"अहो आत्या, सिनेमा आहे तो..."

"मला काय कळत न्हाई व्हय? येडी न्हाई मी. पर इतकी वर्सं तग धरून हायत ती कशावर? त्ये एक कळायचं राहिलंय म्हनून. त्ये कळलं की संपलं. माझं कुंकू तुझ्या हातात हाय बघ."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला खरं सांगायचं तर राग आला. म्हटलं, एकोणीसशे एकोणऐंशी साल आहे, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि या बाईचं कुंकू एका सिनेमाच्या शेवटच्या रिळात अडकलंय! मी म्हणाले, "आत्या, मामांना काहीही होणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा." त्यांनी माझा हात सोडला आणि पदर खोचून एसटी धरायला निघाल्या. पण मीही हट्टी. न्यायचंच ठरवलं.

गुरुवार अशासाठी की आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद, म्हणून कंपन्याही बंद. पाहुण्यांना कळायचंच नाही. रविवारी यायचे आणि दाराला कुलूप! तर गुरुवारी अख्खी पिंपरी-चिंचवड थिएटरवर लोटली होती. त्या दिवशी कारखान्यांबरोबर थिएटरचीही वीज गेलेली, पण मॅनेजरने जनरेटर लावला होता.

मामा ठेवणीतलं धोतर नेसून आले होते. मध्यंतरात भजीसुद्धा खाल्ली नाहीत. "ध्यान इचलतं," म्हणाले. एकेक संशयित आला की मला कोपराने ढोसायचे. "ही जुन्यात काळीसावळी हुती... त्यो माळी बघ, चपला बघ त्याच्या, चपला!" मागचे लोक "बसा की आजोबा" म्हणून ओरडत होते. शेवटी दिवाणखाना आला. सगळे जमले. इन्स्पेक्टरने बोट वर केलं...

आणि जनरेटर फट्ट करून बंद पडला.

शिट्ट्या, आरडाओरडा, कोणाच्या तरी चपलेचा आवाज. बराच वेळ गेला, काही होईना. शेवटी मॅनेजर बॅटरी घेऊन स्टेजवर आला, म्हणाला, जनरेटर बोंबलला, तिकिटं जपून ठेवा, रविवारी सगळ्यांना पुन्हा सोडतो. मी म्हटलं, डिझेल संपलं असेल. मामा मात्र खूश. "बघ! मरत न्हाई म्या एवढ्यात!" म्हणत त्यांनी बाहेर येऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

रविवारी पुन्हा. विजेचा प्रश्न नव्हता. मामा, मी आणि आमचे हे, आम्ही दोघांनी कामावर रजा टाकलेली. आत्या आमच्या खोलीवर थांबल्या होत्या, देवापुढे दिवा लावून. मी निघताना म्हणाले, "आत्या, खिचडी टाकून ठेवा, येऊन जेवतो," तर त्यांनी दिव्यात आणखी तेल ओतलं.

पुन्हा तोच बंगला, तीच गोळी, त्याच चपला. पुन्हा दिवाणखाना. इन्स्पेक्टर सगळ्यांसमोरून चालत आला. माझं लक्ष पडद्यापेक्षा मामांकडे जास्त. ते खुर्चीच्या अगदी टोकावर आलेले. इन्स्पेक्टरने बोट वर केलं, आणि पडद्याच्या खालच्या बाजूला वाकड्या अक्षरांत पट्टी उमटली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा थिएटरात कोणाला तातडीने बोलवायचं असलं तर काचेवर लिहून पडद्यावर दाखवत. त्या पट्टीवर लिहिलं होतं, 'मोशीकर यांनी ताबडतोब बाहेर यावे.'

"आयला!" मामा उठलेच. "घरी काय तरी झालं! तू बस, तू बघून घे!" आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत गेले. सासरा उठून गेल्यावर सुनेने बसून राहावं का? पण त्यांनीच दटावलं होतं, शिवाय हे त्यांच्या मागोमाग जायला निघाले होते. मी बसले. मी पाहिलं. बोट वळलं, कॅमेरा वळला, खुनी कोण ते मी या दोन डोळ्यांनी पाहिलं. मी चक्क मोठ्याने "अगंबाई!" म्हणाले, हेही मला आठवतं.

ह्यांचं म्हणाल तर ते दरवाज्यापर्यंत पोचून तिथेच थबकले आणि वळून त्यांनीही शेवट पाहिला. बापाच्या काळजीपेक्षा खुनी मोठा! पण ते असो.

बाहेर आले तर काय? निरोप घेऊन कोणीही आलेलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, मी काही पाठवलं नाही. वर जाऊन प्रोजेक्टरवरच्या ऑपरेटरला विचारलं, तर तो उलट माझ्यावरच उखडला, "बाई, काचेवर लिहायची शाईच संपलीय महिन्यापासून!" दारावरचा माणूस म्हणे, मोशीकर कोण? मला आधी आत्यांचा संशय आला. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि शेजारच्या काकूंनी नंतर शपथेवर सांगितलं की आत्या दिव्यापुढून उठल्या नव्हत्या.

आणि मामा? मामा थिएटरच्या फाटकापाशी, रसाच्या गुऱ्हाळाशेजारी उभे होते. त्यांच्यासमोर एक सुटलेली बैलजोडी. पांढरी, शिंगांना उतरलेला तांबडा रंग. उसाची चिपाडं खात उभी. मामा त्यांच्या मानेवरून हात फिरवत होते आणि त्यांचे डोळे भरलेले.

"सूनबाई, ह्यो आपला सर्जा हाय गं."

सर्जा मी पाहिलेला नव्हता. माझ्या लग्नाआधीच तो गेला. आमच्या ह्यांनी मात्र त्याच्या पाठीवर बसून लहानपण काढलेलं. ह्यांनी पुढे होऊन बैलाचा कान चाचपला, आणि हळूच म्हणाले, "कानाला तोच कापा आहे." मी म्हटलं, झालं, आता बापलेक दोघंही! गुऱ्हाळवाल्याला विचारलं, बैल तुझे का? तो म्हणाला, "न्हाई ओ, माझं चरक तर मोटारीवर चालतंय. आत्ताच आलं हे कुठनं तरी." आम्ही मामांसाठी उसाचा रस घेतला, वळून बघतो तर बैल नव्हते. भर चिंचवडात, भर दुपारी दोन बैल कुठे गेले ते मला अजून कळलेलं नाही.

मामांनी त्या दिवशीही सांगू दिलं नाही. "डोळ्यानंच बघनार," म्हणाले. पण गुरुवार यायच्या आत सिनेमा उतरला आणि तिथे मारामारीचा दुसरा लागला. मग मात्र मामांचा धीर सुटला. पुढच्या आठवड्यात आत्यांना घेऊन आमच्याकडे आले, खाटेवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हारलो म्या. सांग सूनबाई. तू बघितलायस. कोन हाय त्यो?"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं, "मामा, खुनी म्हणजे तो आपला..."

आणि नाही! काही म्हणजे काही नाही.

इन्स्पेक्टरच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं, ते आठवतंय. बोटातली अंगठी आठवतेय. मागचं घड्याळ, पडद्याचा हिरवा रंग, माझं ते "अगंबाई", सगळं आठवतंय. बोट वळतं... आणि पुढे फळा पुसल्यासारखं कोरं. अख्ख्या कंपनीचे नंबर ज्या डोक्यात, त्या डोक्यात एक खुनी राहू नये?

"तुम्ही सांगा हो," मी ह्यांना म्हटलं. हे छातीठोकपणे म्हणाले, "डॉक्टर!" म्हटलं, वा, सुटलो. पण मामा ऐकून म्हणाले, "नक्की ना?" तर हे डोकं खाजवत म्हणाले, "डॉक्टरच. का सेक्रेटरी? ... नाही, डॉक्टर. बहुतेक."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत विचारलं. माझी मैत्रीण नलू टाइम ऑफिसमध्ये होती, तिने दोनदा पाहिलेला. "नर्स गं!" म्हणाली. कॅन्टीनमध्ये नुसता विषय काढला, तर वेल्डर म्हणाला माळी, स्टोअरवाले म्हणाले शेठची बायको, आणि एकाने तर शेठ मेलाच नव्हता म्हणून सांगितलं. जो तो शपथेवर! शेवटी वेल्डर आणि स्टोअरवाले यांच्यात अशी जुंपली की उसळीचं पातेलं पालथं झालं आणि साहेबांनी कॅन्टीनमध्ये त्या सिनेमाचं नाव काढायला बंदी केली. मोशीत ज्या म्हाताऱ्यांनी चाकणच्या तंबूत जुना सिनेमा पाहिला होता, त्यांच्याकडेही चौकशी केली. तिथेही हीच तऱ्हा. चार म्हातारे, चार खुनी.

मी तेव्हासुद्धा म्हटलं, माणसं सिनेमा नीट बघत नाहीत, गप्पा मारतात. पण आरशात बघून मला हे स्वतःला सांगता येईना. मी गप्पा मारत नव्हते.

पुढच्या थंडीत मामा आजारी पडले, आणि या वेळी खरोखरचे. साधा ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला. चिंचवडच्या दवाखान्यात ठेवलं. तो शिवार गाजवणारा आवाज पार बसला. छातीचा भाता नुसता वरखाली व्हायचा, खोकला आला की पाठीची हाडं मोजून घ्यावीत. कित्येक दिवस असं चाललं होतं, आणि उतार पडेना. एका दुपारी डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, जवळच्या माणसांना बोलावून घ्या.

आम्ही खाटेभोवती उभे होतो. मामांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं.

"बास झालं," ते म्हणाले. आवाज कसाबसा येत होता. "लई तरास व्हतोय. सांगा आता कुनीतरी. खुनी सांगा... म्हंजी मी सुटतो."

ह्यांना हुंदका आवरेना. त्यातून धीर करून पुढे वाकले, "आबा, डॉक्टर—"

"काय झालं?" म्हणत खरे डॉक्टर धावत आले.

हसू की रडू अशी माझी अवस्था. मामांनी मान हलवली, "तुझ्यावर इस्वास न्हाई. मगाचच्या डॉक्टराचा परत शेकरेटरी करशील." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

आणि मग आत्या बोलल्या. पायथ्याशी उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर सावरत पुढे आल्या.

"मी बघितलाय."

"काय बघितलंस?"

"शेवट. चाकनला. तंबूत."

"तू... तू तर झोपली हुतीस!"

"पोरीला झोपवत हुते. मी न्हाई झोपले. तुमी बैलांमागं पळालात, मी कशापायी पळू? दोराच्या पल्याड बायकांत बसून समदा बघितला."

मामा बघतच राहिले. आम्हीही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं विहिरी झाल्या, विजा झाल्या, जनरेटर झाला, उसळीचं पातेलं झालं... आणि खुनी या माणसाच्या घरात, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होता.

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"इचारलंत कधी?"

बायकोला असं कुठला नवरा विचारतो? मामांनी हात पुढे केला. "सांग. तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकतो न् जातो."

आत्या त्यांच्या कानाकडे वाकल्या. आणि मी... मी, जिने पाळण्याखालचं लिंबू सरबतात पिळलं होतं, ती मी ओरडले, "आत्या, नका सांगू! नका ना सांगू!" माझं माझ्यावर काही चालेना. मला मामा हवे होते. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन दारात हाका मारणारे, सिनेमात कोपराने ढोसणारे मामा मला हवे होते, आणि त्यासाठी वाटेल ते मानायला मी त्या घटकेला तयार होते.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मामांच्या कानात सांगितलं.

मामांनी डोळे मिटले. ह्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली. डॉक्टरही स्टेथोस्कोप हातात घेऊन नुसते उभे. छाती वर झाली, खाली झाली. मग बराच वेळ वर होईना.

"हॅट्!"

आम्ही दचकलो. मामांनी डोळे उघडले होते, आणि ते भडकलेले होते.

"त्यो? त्यो कसा आसंल? अगं गोळी सुटली तवा त्यो बागंत हुता! खिडकीतनं दिसला न्हाई का? आन् खोलीची चाबी कुनाकडं हुती? मला शिकवतीस व्हय!" बोलता बोलता ते कोपरावर टेकून उठले. जोरात खोकले, आणि इतके दिवस अडकलेलं सगळं मोकळं झालं. "सिनेमा नवीन आसंल नायतर जुना, त्यो खुनी न्हाई. म्या मानत न्हाई. अजून खरा घावायचाय!"

त्यांनी पेज मागितली. संध्याकाळी दुसऱ्यांदा मागितली. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडलं. पडलं असेल बापडं!

घरी आल्यावर मी आत्यांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, नक्की कोणाचं नाव सांगितलंत? आत्या शांतपणे लसूण सोलत म्हणाल्या, "त्येंच्याजवळ खोटंच सांगितलं. खरं सांगून माझ्या हातानं माझं कुंकू पुसू व्हय?" मी त्यांच्या गळ्यातच पडले. खरा कोण, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. चक्क भीती वाटली.

त्यानंतर मामा आणखी काही वर्षं मजेत जगले. पारावर बसून त्या खोट्या खुन्याची बाजू लढवायचे. बागेचा नकाशा मातीत काढून दाखवायचे. गावातल्या पोरांना त्या सिनेमाचं नाव काढलं की पळ काढायची सवय लागली होती.

आणि एका सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले, कप रिकामा करून खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. तसेच गेले. काही त्रास नाही, काही नाही. भोसरीहून डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले जाऊन तास झाला असेल. अंगणात माणसं जमली. न्यायच्या आधी आत्या म्हणाल्या, "समदी जरा मागं सरा." त्यांना वाकवत नव्हतं म्हणून मी दंडाला धरलं होतं. त्या मामांच्या कानाशी वाकल्या आणि बोलल्या. दोनच शब्द असतील. मी इतकी जवळ होते की मला ते ऐकू आले. ऐकू आले हे मला पक्कं आठवतंय. काय ऐकू आलं ते तेव्हाच, उभ्या उभ्या, पुसलं गेलं.

पण मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरेच्चा!" म्हणताना जातात तशा, दोन्ही. आणि तशाच राहिल्या.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले स्नायूंचं होतं असं कधीकधी. असेल. पट्टी कोणी लिहिली, बैल कुठे गेले, माझ्या डोक्यातून ती एकच जागा कोण पुसतं, यातल्या कशाचंच उत्तर माझ्याकडे नाही आणि आता मी शोधतही नाही. जुना सिनेमा परवा मिळत होता, मी नाही पाहिला. आत्यांनी त्या दिवशी मामांच्या कपाळावरून हात फिरवला, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तशातही त्या जरा हसल्या. मला म्हणाल्या, "बघ त्येंच्या भुवया! जलमभर डोकं खाजवलं आसतं तरी ह्येंना वळखू आला नसता."